शालीखालचा भाव

बुरओच्या गुरांच्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नसत.
आबो खांद्यावरची शाल काढायचे,
समोरच्याच्या मनगटावर टाकायचे,
आणि खाली दोन हात
अंधारात वाट शोधल्यासारखे एकमेकांना चाचपायचे.
बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच,
पेर दाबलं तर अर्धा.
शंभर की हजार, ते जनावर बघून समजायचं.
वर दोन्ही चेहरे कोरे.
भोवती धूळ, उंटांचं रवंथ, चहावाल्याची आरोळी,
आणि दहा माणसं टक लावून उभी असूनही
कुणाला काही कळायचं नाही.

हे सगळं मी लांबून पाहिलंय,
आईच्या दुधाच्या कॅनला टेकून.
उंटिणीचे दात बघून मी वय सांगायची,
मदार चाचपून सांगायची किती दिवस उपाशी आहे.
पण शालीखाली माझ्या हाताला जागा नव्हती.
परक्या पुरुषाची बोटं
दलालाची मुलगी धरणार कशी?

दुष्काळाच्या साली सुगूले नावाचा माणूस
शेवटचे तीन उंट घेऊन आला होता.
आबो रात्री आईला म्हणाले,
'हात बर्फासारखा होता गं त्याचा.
मी दोन बोटं धरणार होतो,
तीन कधी धरली, मलाच कळलं नाही.'
आई म्हणाली, 'कळलं नसेल कसं.'
आणि दिवा बारीक केला.

आता शाल खुंटीवर आहे.
मी फोटो काढते: दात, मदार, मांडीवरचा डाग.
पाठवते जेद्दाला, बावझीरशेटला.
नऊ सेकंदांत दोन निळ्या खुणा.
मग त्याचा आकडा, मग माझा,
मग पुन्हा त्याचा, थोडा रागावलेला.
पैसे येतात तेव्हा फोन टेबलावर सरकतो थोडासा,
किड्यासारखा.
कुणी कुणाचा हात धरत नाही,
म्हणूनच मला धंदा करता येतो.
हे मी विसरत नाही.
जुन्या बाजाराबद्दल हळहळणारे पुरुष भेटले की
मी त्यांना चहा देते, आणि गप्प बसते.

फक्त एक आहे.
खात्यावर नाव आबोंचं आहे, हिर्सी दलाल,
आणि चित्र एका उंटाचं.
बोलून काही पाठवायचं नाही, फक्त टाइप करायचं,
तीन वर्षं हे मी पाळलंय.
परवा बावझीरशेटचा आवाज आला, सौद्याशिवाय.
मागे एसीची घरघर, एक लहान मूल रडतंय.
'हिर्सी, बरबेराला आपण एकदाच भेटलो,
वीस वर्षं झाली.
चेहरा म्हणशील तर आठवत नाही.
पण तू माझं करंगळीचं पेर दाबलं होतंस
आणि सोडत नव्हतास.
हल्ली फार सरळ बोलतोस. बरा आहेस ना?'

मी लिहिलं: अल्हम्दुलिल्लाह.
खोडलं.
लिहिलं: बरा आहे, जरा थकलोय.
खोडलं.
वर 'टाइप करत आहे' असं
त्याला किती वेळ दिसलं असेल कुणास ठाऊक.
शेवटी अल्हम्दुलिल्लाहच पाठवलं.

आबोंना तो आवाज मी दोनदा ऐकवला.
तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः दाबला,
चुकीच्या जागी, मग बरोबर.
काही बोलले नाहीत.
खुंटीवरची शाल काढली, झटकली,
इतकी धूळ, की दोघंही खोकलो,
आणि माझ्या मनगटावर टाकली.

'चार वर्षांची उंटीण. दुभती. बोल.'

त्यांनी माझी दोन बोटं धरली.
मग तिसरं शोधायला लागले, आणि सापडेना.
माझा हात आहे तिथंच होता.
त्यांचाच हलत होता,
सारखा, बारीक,
फोन यायच्या आधी थरथरतो तसा,
पण फोन आलाच नाही.

चेहरा कोरा ठेवायचा, हे मला माहीत होतं.
सौदा तिथंच तुटला असता, भाव चांगला होता.
मी त्यांचं पेर दाबलं.
अर्धा अजून.
त्यांनी मान हलवली: नाही.
मी पुन्हा दाबलं.